नऊशे अडतीस

लॅबमधल्या पांढऱ्या फळ्यावर त्याच्या ६१२च्या शेजारी कुणीतरी ९३८ लिहून ठेवलं होतं. कुणीतरी म्हणायचं ते आपलं बोलायची पद्धत म्हणून. नऊचं पोट इतकं गरगरीत काढणारा माणूस त्या मजल्यावर एकच होता. ६१२ खोडलेला नव्हता. खोडला असता तर बरं झालं असतं, निदान त्यावरून दोन शब्द बोलता आले असते. उलट नवा आकडा जरा बाजूला, जरा बारीक अक्षरात लिहिला होता, बाकावर आधीच बसलेल्या माणसाला सरका न म्हणता उरलेल्या जागेत अंग चोरून बसावं तसा. हे अंग चोरणंच त्याला झोंबलं. खांद्यावरची पिशवी न उतरवता तो फळ्यासमोर उभा राहिला. लॅब अजून रिकामी होती. एसीची घरघर चालू होती, टेबलांवरच्या हिरव्या बोर्डांमधून तापलेल्या प्लास्टिकचा आणि कथलाचा तो ओळखीचा, किंचित गोडसर वास येत होता, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या हळूहळू गरम व्हायला लागल्या होत्या. ही त्याची लहानपणापासूनची खोड. चेहरा शहाण्यासारखा राहतो, आवाज हलत नाही, कान मात्र फितूर होतात. म्हणून तो केस जरा वाढवून ठेवतो. बायकोला वाटतं, आळस.

काम सांगायला साधं होतं. हातावर मावेल एवढा बोर्ड, त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली चालते, आणि त्याला नेटवर्कची दोन दारं. कारखान्यातल्या कॅमेऱ्यांची चित्रं एका दारानं आत घ्यायची आणि दुसऱ्या दारानं कचेरीकडे पाठवायची, अशी एक पेटी कंपनीला बनवायची होती. पेटीच्या पोटात हा बोर्ड बसवायचा की नाही, हे त्याच्यातून किती माल वाहतो यावर ठरणार होतं. मोजायची रीतही साधी. एका टोकाला ऐकणारा प्रोग्राम बसवायचा, दुसऱ्या टोकाला ओतणारा, आणि दर सेकंदाला किती मेगाबिट उतरले ते पडद्यावर बघत राहायचं. तार हजार मेगाबिटची. त्यातलं थोडं माहितीच्या पाकिटांवरच्या पत्त्यांत जातं, उरतात नऊशे एक्केचाळीस. त्याच्या वर कुणाचा बाप जाऊ शकत नाही. या धंद्यातली माणसं तो आकडा घरच्या फोन नंबरासारखा पाठ ठेवतात. गिऱ्हाइकाला हवे होते निदान आठशे. त्याला तीन आठवडे मिळत होते सहाशे बारा. तारा बदलल्या, समोरचा संगणक बदलला, लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा घातला, पुन्हा जुना घातला, येणाऱ्या पाकिटांचा भार प्रोसेसरच्या एका कोअरवरून दुसऱ्या कोअरवर ढकलून पाहिला. बोर्ड रुसलेल्या पोरासारखा तिथेच फतकल मारून बसला होता. शेवटी शेवटी त्याला सहाशे बाराबद्दल एक प्रकारची माया वाटायला लागली होती. आपला आहे, कसाही असला तरी आपला आहे. तीन आठवडे उपाशीतापाशी राहून काढलेला आहे. आणि आता शेजारी हा नऊशे अडतीस येऊन बसला होता, ताजातवाना, आंघोळ करून.

तो गरगरीत नऊ धाकट्याचा. धाकटा म्हणजे त्याचा साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. सासूबाई आपल्या दोन जावयांना थोरले आणि धाकटे म्हणत, आणि हे शब्द घरात इतके रुजले होते की मनातल्या मनात शिवी द्यायची झाली तरी त्याच्या तोंडी धाकटाच यायचा. वास्तविक धाकटा यायच्या आधी तो थोरला नव्हताच. तो नुसता जावई होता. एकच जावई म्हणजे हुशार जावई. दुसरा आला की मग तुलना. चार वर्षं त्या घरात टीव्ही लावायचा तो, फोनमधले फोटो काढून द्यायचे ते त्यानं, विजेचं बिल ऑनलाइन भरायचं त्यानं. त्या घरातला वायफायचा राउटरही त्यानंच बसवला होता, दिवाणखान्यातल्या कपाटाच्या मागे, तारा दिसू नयेत म्हणून. मागच्या खोलीत नेट येत नसे. भिंती जाड आहेत, त्यानं सांगितलं होतं, आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आमच्या भिंती जाड आहेत हो, थोरले म्हणतात. मग लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला आलेला धाकटा, हातात चहाचा कप, फोनवर काहीतरी बघत मागच्या खोलीत गेला, परत आला, स्टुलावर चढला आणि राउटर कपाटाच्या मागून काढून कपाटाच्या वर ठेवला. बस. एवढंच. कप खाली ठेवला नव्हता. मागच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, अगं बाई, इथे पण येतंय की. सगळे हसले, बायकोसुद्धा हसली. तोही हसला. त्या हसण्याचा हिशेब त्यानं अजून मिटवलेला नाही. बायको किती वेळ हसली, मान किती मागे गेली, हसताना तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मग बघायचं टाळलं, हे सगळं त्याच्याकडे नीट लावून ठेवलेलं आहे. भिंती मात्र खरंच जाड होत्या. हे कुणाला सांगून उपयोग नव्हता.

आणि असल्या माणसाला कंपनीत आणलं कुणी, तर त्यानंच. धाकट्याची आधीची कंपनी बसली तेव्हा बायको चार दिवस काही बोलली नाही. पाचव्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, तुमच्याकडे बघ ना काही असलं तर. छोटी फोनवर रडते. छोटी म्हणजे तिची बहीण. त्यानं मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणजे त्या मजल्यावरच्या सगळ्या कामाच्या मुख्य. बारीक चणीच्या, बोलताना चष्मा काढून पुसणाऱ्या बाई. शिफारसही कशी करायची, हे त्यानं रिक्षात बसून ठरवलं होतं. फार स्तुती नको, उद्या अंगाशी येते. अगदी कमीही नको, घरी कळलं तर. मग म्हणाला होता, "माणूस बरा आहे. शिकेल." मॅडम धाकट्याशी अर्धा तास बोलल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "अहो, बरा काय म्हणता, चांगला आहे की." पहिल्याच दिवशी धाकट्यानं लॅबभर सगळ्यांसमोर त्याला दादा म्हणून हाक मारली. आठवड्याभरात सगळी लॅब त्याला दादा म्हणायला लागली, मॅडमसुद्धा. तोवर त्याला नाव होतं. माणसाला म्हातारं करायचा याहून स्वस्त उपाय नाही.

आजचाच दिवस नसता तर त्यानं हे गिळलं असतं. पण चार वाजता मॅडम लॅबमध्ये येणार होत्या, विक्रीच्या माणसाला घेऊन. बोर्ड घ्यायचा की नाही ते आज ठरणार होतं, आणि त्याच बैठकीत दुसरंही. इतके दिवस लॅबला स्वतःचा असा मुख्य नव्हता. आता असणार होता, आणि मॅडम मागच्या आठवड्यात जिना उतरता उतरता म्हणाल्या होत्या, "शेवटी ज्याचा आकडा उभा राहील, त्याची लॅब." म्हणाल्या हसत. पण मॅडम ज्या गोष्टी हसत म्हणतात त्याच पुढे कागदावर येतात, हे सहा वर्षांत त्यानं पारखून ठेवलेलं होतं. त्याला ती लॅब हवी होती. एवढ्यातेवढ्यासाठी नाही, ती खोली, ती पाच टेबलं, आकडा खरा की खोटा यावर शेवटचा शब्द आपला, आणि घरी, सासूबाईंच्या त्या दिवाणखान्यात, त्या कपाटासमोर बसून सहज म्हणता येणं, की हो, आता लॅब माझ्याकडेच आहे, धाकटे माझ्या हाताखाली असतात.

धाकटा अजून आला नव्हता आणि लवकर येणारही नव्हता. काल रात्रीच बायको म्हणाली होती, आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे धाकटे नेणार आहेत, त्यांनी आपणहून विचारलं. आपणहून हा शब्द तिनं मुद्दाम वापरला नव्हता. तेच तर. मुद्दाम वापरलेल्या शब्दाला उत्तर देता येतं. तो पिशवी ठेवून धाकट्याच्या टेबलाशी गेला. मनात अजून काही वाईट नव्हतं, किंवा होतं ते साधं, रोजच्या वापरातलं होतं: याची युक्ती काय ते बघावं आणि चार वाजायच्या आत आपल्या बोर्डावर करावी. टेबल नीटनेटकं. तारा वेटोळी करून बांधलेल्या, बोर्डाखाली रबराचे चार ठिपके चिकटवलेले, पडद्यावर चाचणी चालूच ठेवलेली, दर सेकंदाला एक ओळ. ९३८. ९३७. ९३८. आपला बोर्ड तो एका संगणकाला जोडून तपासत होता. धाकट्यानं संगणक काढूनच टाकला होता. बोर्डाची दोन्ही दारं एका आखूड पिवळ्या तारेनं एकमेकांना जोडली होती. एका दारातून ओतायचं, दुसऱ्या दारानं घ्यायचं, मध्ये तिसऱ्याचा संबंध नाही, म्हणजे दोष असला तर बोर्डाचाच. किती सुटसुटीत. हे आपल्याला का सुचलं नाही, हे त्याच्या मनात आलं आणि कान पुन्हा तापले. पुन्हा स्टूल, पुन्हा कप, पुन्हा ते कपाट. त्यानं एकेक सेटिंग आपल्याशी ताडून पाहिली. सगळी तीच. वेगळं काही नव्हतंच. म्हणजे युक्ती नाही, नुसता हात. काही लोकांच्या हाताला यश असतं म्हणतात, तसलं काहीतरी, आणि त्याविरुद्ध माणसानं काय करायचं? ९३८. ९३८. ओळी वर सरकत होत्या, एकसारख्या, मन लावून विणल्यासारख्या. त्याला त्या विणकामातला एक तरी टाका सुटलेला बघायचा होता. फक्त एकदा. ते पडताना कसं दिसतं एवढंच. त्यानं आजूबाजूला बघितलं, पिवळ्या तारेच्या टोकाची पट्टी अंगठ्यानं दाबली आणि तार ओढून काढली.

दोन्ही दारांवरचे हिरवे दिवे विझले. पडद्यावर ओळ उमटली, ९३८. मग ९३७. मग ९३८. तार त्याच्या हातात होती. त्यानं तारेकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, पुन्हा तारेकडे. पडदा थोडा मागे असेल म्हणून थांबला. ९३८. आणि मग त्याच्या पोटात काहीतरी थंड, मऊ, सुखाचं उतरत गेलं, तापातल्या माणसाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवावी तसं. अरे गाढवा. दोन्ही दारं एकाच घराची आहेत. लिनक्सला कळतं ते. ज्याला पाठवायचं तो पत्ता आपलाच आहे हे त्याला दिसतं, मग तो कशाला बाहेर रस्त्यावर जाईल? पाकीट उजव्या हातातून डाव्या हातात, आतल्या आत, घराबाहेर पाऊलसुद्धा न टाकता. नऊशे अडतीस हा तारेचा वेग नव्हताच. या छोट्या प्रोसेसरला स्वतःशी बोलायला जेवढा दम होता तेवढा तो होता, आणि दुर्दैव असं की तो दम नेमका तारेच्या कमाल मर्यादेच्या काठावर संपत होता. दोन हजार आले असते तर शेंबड्या पोरालाही संशय आला असता. नऊशे अडतीस आले, आणि खऱ्यासारखे दिसले. ही चूक फक्त या धंद्यातलाच माणूस करतो, आणि तोही हुशार. मठ्ठ माणूस मधला संगणक काढायच्या भानगडीत पडत नाही. त्यानं तार पुन्हा खोचली. टिक असा आवाज झाला, दिवे लागले. तारेचा बाक होता तसाच करून ठेवला, खुर्ची होती तशी ढकलली. आपल्या टेबलाशी येऊन बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, आपण गुणगुणतोय.

आता खरं तर करायचं एवढंच होतं, की धाकटा आला की सांगायचं, अरे, तार काढून बघितलीस का. अर्ध्या मिनिटाचं काम. लॅबमध्ये असल्या चुका रोज होतात आणि रोज एकमेकांच्या कानात सांगून मिटवल्या जातात. तो रिवाजच होता, आणि त्याच्याही दोन-तीन चुका अशाच कुणी कुणी मिटवलेल्या होत्या. सांगू, असं त्यानं ठरवलंसुद्धा. नाही असं नाही. पण धाकटा आला तो हसतच, चष्म्याची नवी पेटी नाचवत.

"दादा, आईंचा नंबर उतरलाय. डॉक्टर म्हणे, या वयात असं सहसा होत नाही. आई म्हणतात, धाकटे, तुमचा पायगुण."

"वा," तो म्हणाला.

"तुम्हाला विचारत होत्या. म्हणाल्या, थोरल्यांना फार काम असतं."

"असतं खरं."

धाकट्यानं खुर्ची ओढली आणि आपल्या टेबलाकडे न जाता त्याच्याच टेबलाशी बसला. जवळ आला की त्याला साबणाचा वास यायचा, कितीही वाजले असोत. आवाज खाली आणून म्हणाला, "फळा बघितलात ना? रागावू नका. तुमचा खोडला नाही मी."

"रागवायचं काय त्यात. आकडा आहे, लिहायचाच."

"तेच हो. पण खरं सांगू का, मला जरा जास्तच चांगला वाटतोय तो. इतका सरळ कसा येतो? चारच्या आत तुम्ही एकदा माझी जोडणी बघून घ्या ना. तुमची नजर वेगळी."

हा क्षण त्यानं नंतर पुष्कळदा उलटसुलट करून पाहिला. इतकी सोपी वाट कुणी कुणाला काढून देत नाही. दार उघडं होतं, आत या असं म्हणून माणूस बाजूला उभा होता. आणि त्याला दिसलं काय, तर त्या विनवणीतली ऐट. मला जास्तच चांगला वाटतोय. म्हणजे संशय घेण्याचा मोठेपणाही यालाच हवा. चूक करायची यानं, चुकीची शंकाही यायची यालाच, आणि आपण फक्त नजर वेगळी म्हणून ती शोधून द्यायची, मग चार वाजता हा म्हणणार, दादांनी मदत केली हो. दादांनी मदत केली! कपाटामागचा राउटरही दादांनीच बसवला होता.

"बघायचं काय," तो म्हणाला. "आकडा आलाय ना? मग छातीठोकपणे दाखव."

"नक्की?"

"अरे, इतकं घाबरतोस काय."

धाकटा मांडीवर थाप मारून उठला. दुपार फार लांबली. जेवणाच्या सुट्टीत त्यानं डबा उघडला आणि काय खाल्लं ते त्याला कळलं नाही; समोर धाकटा सगळ्यांना डॉक्टरांच्या दवाखान्यातली गंमत सांगत होता, सासूबाई अक्षरं वाचायच्या ऐवजी पाठ केलेली म्हणून दाखवत होत्या ती, आणि टेबलभर लोक हसत होते. तो मात्र हसणाऱ्यांकडे आतून बघत होता, ज्याला पुढचं ठाऊक आहे त्या माणसासारखा. किती सुख असतं ते. हसून घे. ही तुझी मान किती मागे जाते ते बघून ठेवतोय. तरी मध्येच एकदा त्याच्या मनात आलं, आत्ता सांगितलं तरी चालेल, अजून वेळ आहे. मग धाकट्यानं स्वतःच्या डब्यातलं काहीतरी त्याच्या झाकणावर वाढलं, न विचारता, घरच्यासारखं, "छोटीनं दिलंय, दादांना नक्की दे म्हणाली," आणि ते मनात आलेलं तिथेच विझलं. माणसाला एका दिवसात किती ऋणी करून ठेवायचं यालाही काही मर्यादा असते.

चार वाजता मॅडम आल्या, मागे विक्रीचा माणूस, आणि टेबलं सोडून आणखी तिघेचौघे. धाकट्यानं मांडलं ते फार चांगलं मांडलं. आधी दादांचा आकडा, त्यामागची मेहनत, मग आपली कल्पना. विक्रीचा माणूस पडद्याकडे बघून मान हलवत होता, जणू त्यालाच ते समजत होतं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, लावला. "म्हणजे बोर्ड घ्यायला हरकत नाही," त्या म्हणाल्या, आणि मग त्याच्याकडे वळून, "दादा, तुमचं काही?"

"एक मिनिट," तो म्हणाला.

त्यानं योजलं होतं की हे सावकाश करायचं. आधी एक-दोन प्रश्न विचारायचे, जरा विचारात पडल्यासारखं करायचं, मग सुचल्यासारखं दाखवायचं. पण पाय आपोआप टेबलाशी गेले, हात वाकला, अंगठ्यानं पट्टी दाबली, आणि पिवळी तार सगळ्यांसमोर त्याच्या हातात लोंबकळू लागली. ९३८. ९३७. ९३८. विक्रीचा माणूस म्हणाला, "अरे वा, तार काढली तरी चालतंय," आणि मग त्यालाही इतरांचे चेहरे दिसले. मॅडम पुढे वाकल्या. विझलेल्या दिव्यांवर बोट ठेवलं. "म्हणजे तारेतून काही जातच नव्हतं," त्या हळू म्हणाल्या. आता त्यानं धाकट्याकडे बघितलं. हा क्षण सकाळपासून त्यानं जिभेवर गोळीसारखा ठेवला होता. धाकट्याचा चेहरा आधी पांढरा पडला. मग लाल झाला, अगदी मनासारखा झाला. आणि मग त्या लाल चेहऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाला, "म्हणजे काल रात्रभर मी याला स्वतःशीच गप्पा मारायला लावल्या. आणि वर बघत बसलो, किती छान बोलतोय म्हणून."

लॅब हसली. मॅडम हसल्या, डोळे पुसण्याइतक्या. विक्रीचा माणूस धाकट्याच्या पाठीवर थाप मारत होता. कुणीतरी आपलीही अशीच एक चूक सांगायला लागलं, मग दुसरं कुणी. तो तार हातात धरून मधोमध उभा होता आणि त्याच्याभोवती त्या माणसाचं कौतुक चाललं होतं. त्यानं सहाशे बारा तीन आठवडे घासून काढले तेव्हा यातलं कुणी हसलं नव्हतं. तेव्हा सगळ्यांनी त्याच्याकडे दुखवट्याला आल्यासारखं बघितलं होतं. पडतानासुद्धा हा माणूस लोकांच्या मांडीवर पडतो. शेवटी मॅडमनी चष्मा लावला आणि आवाज सरळ केला. बोर्ड नाही घ्यायचा, सहाशे बारा हाच खरा आकडा. "आणि लॅब दादा, तुमच्याकडे. आकड्यावर विश्वास न ठेवणारा माणूस इथे पाहिजे." टाळ्या वाजल्या. सगळ्यात आधी कुणी वाजवल्या हे बघायची गरज नव्हती.

निघताना लिफ्ट बंद होती, म्हणून दोघे जिन्यानं उतरले. धाकटा एक पायरी मागे. दोन मजले उतरून झाले.

"दादा."

"हं."

"टेबलावर सात-आठ तारा होत्या. तुम्ही न बघता बरोबर तीच धरलीत."

तो उतरत राहिला. कठड्याचं लोखंड हाताला गार लागत होतं.

"सकाळी मी विचारलं तेव्हा ठाऊक होतं ना?"

त्यानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. नाही म्हणता आलं असतं, हो म्हणता आलं असतं, कामाच्या जागी नाती आणू नयेत असं काहीतरी भारदस्तही म्हणता आलं असतं. खालच्या वळणावर धाकटा त्याच्या बरोबरीला आला. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं कोडं पडल्यासारखं होतं, सरळ रस्त्यानं जाताना फळी मोडून पाय आत जावा तसं. "मला वाटलं, तुम्ही सांगाल," तो म्हणाला, आणि बाहेरच्या उन्हात डोळे बारीक करून आपल्या स्कूटरकडे गेला. धाकट्याला दुखावणंही शोभत होतं. घरी जाताना रिक्षात त्याला हेच पुन्हा पुन्हा खुपत राहिलं. लॅब मिळाली हे मनात आणायचा त्यानं दोनदा प्रयत्न केला. आणलं की ते तिथे टिकत नव्हतं, त्याच्या जागी ती पायरी यायची. मग तो हिशेबाला लागला. आता धाकटा घरी सांगणार. छोटीला सांगेल, छोटी बायकोला, बायको काही बोलणार नाही, फक्त घड्या घालत राहील. सासूबाईंना नव्या चष्म्यातून सगळं स्पष्ट दिसायला लागेल, म्हणजे त्याही बघतील. ठीक आहे. भांडण होऊ दे. भांडणात निदान दोन बाजू असतात. त्यानं उत्तरं तयार केली, चांगली, धारदार, एकाला एक लागून.

दार बायकोनं उघडलं ते हसतच. छोटीचा फोन येऊन गेला होता. "काय रे, तू म्हणे सगळ्यांसमोर जादूगारासारखी तार काढून दाखवलीस. धाकटे छोटीला सांगत होते, दादा नसते तर खोटा बोर्ड गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारून बसलो असतो, आज दादांनी वाचवलं. आणि लॅब मिळाली ते मला तिच्याकडून कळायचं? सांगायला काय झालं होतं?"

"आणखी काय म्हणाला?"

"आणखी काय? आईच्या चष्म्याचं."

"ते नाही. आणखी."

"आणखी काय असणार?" ती त्याच्याकडे बघून म्हणाली. "हात धू, चहा टाकते."

तो हात न धुता खोलीत गेला आणि त्यानं फोन लावला. तयार केलेली उत्तरं तोंडात तशीच होती. पलीकडे पाण्याचा आवाज, बादलीचा आवाज, धाकट्याच्या लहान पोराचं ओरडणं.

"बोला दादा. थांबा हं, एका हातानं धरलाय. अरे, मिट डोळे, साबण जाईल."

"तू घरी ते सांगितलं नाहीस," तो म्हणाला.

"कुठलं?"

त्यानं वाट बघितली. आवाजात काही लपवलंय का ते तो ऐकत होता. कान हे त्याचं सगळ्यात जुनं हत्यार. दया असेल तर ऐकू येईल. उपकार असेल तर नक्कीच येईल, उपकाराला एक खास घोगरेपणा असतो. पुढे कधी वसूल करायचं म्हणून राखून ठेवलं असेल तर तेही कळेल, तो आवाज तर त्याच्या स्वतःच्या घरचा होता. पाणी पडत होतं. पोरगं हसायला लागलं होतं.

"कुठलं, दादा?"

"जिन्यातलं."

"अं? ऐकू येत नाहीये हो, हा बघा नळाखाली घुसलाय. महत्त्वाचं आहे का? उद्या बोलू या का?"

आणि पाण्याच्या त्या गोंगाटात त्याला एकदम कळलं की आवाजात काहीही नाही. राग होता तो जिन्यात होता, खालच्या पायरीपर्यंत पुरला, आणि उन्हात गेल्यावर संपला. आता तिथे बादली होती, साबण होता. आपण ज्याला आयुष्यभर पुरेल असा साठा समजून उराशी धरून आणलं, ते धाकट्यानं वाटेत कुठेतरी खाली ठेवलं, आणि तेही कुठे ठेवलं हे त्याला आठवत नव्हतं. हे काही सेटिंग नव्हतं, की ताडून बघून आपल्या बाजूला करता येईल.

"उद्या बोलू," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

बायको चहा घेऊन आली. त्याचे कान बघून थबकली; तिला ते इतकी वर्षं दिसत होते की काय कोण जाणे. "काय झालं? काय म्हणाले धाकटे?"

"काही नाही," तो म्हणाला. "पोराला आंघोळ घालतोय."

हे त्यानं अशा तक्रारीच्या सुरात सांगितलं, की कप त्याच्या हातात देता देता ती म्हणाली, "मग? घालू दे की."